टिटवीबाईंचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा समित्या जास्त होत्या. त्याच जंगलात एक विद्यापीठही होतं. हसू नका. तुम्हालाही एक दिवस तिथंच जायचं आहे.

विद्यापीठाचे कुलगुरू होते अस्वलराव. कुलगुरू कोणाला करायचं यावरून प्राण्यांची मोठी भांडणं झाली होती. त्या भांडणात अस्वलराव कोणाच्याच बाजूनं बोलले नाहीत, कारण ते झोपले होते. त्यामुळे ते निःपक्षपाती ठरले. जाग आली तेव्हा गळ्यात झेंडूचा हार होता. त्यांनी तो खाल्ला आणि पदभार स्वीकारला.

विद्यापीठात नाना विषय होते. माकडांकडे फांदीशास्त्र होतं. मोराकडे व्यक्तिमत्त्व विकास होता. आणि अगदी कडेला, जिथं झाडी संपून उंच गवताचं माळरान सुरू व्हायचं, तिथं टिटवीबाई शिकवायच्या. त्यांच्या विषयाचं नाव एवढंच, ऐकणे.

टिटवीबाईंना कोणी लग्नाकार्याला बोलवत नसे. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होतं, असं जंगलात सगळे म्हणायचे. खरं म्हणजे काहीतरी वाईट येत असायचं, म्हणून टिटवी ओरडायची. पण हा फरक कळायला थोडं शिक्षण लागतं, आणि तिथलं विद्यापीठ तर नुकतंच निघालं होतं.

बाईंची शिकवायची तऱ्हाही वेगळी. सकाळी सकाळी त्या सशांची पोरं, लाव्ह्यांची पिल्लं आणि चितळांची पाडसं गवताच्या कडेला उभी करायच्या. डोळे मिटायला लावायच्या. मग बराच वेळ कोणी काही बोलायचं नाही. शेवटी बाई विचारायच्या, "काय ऐकू आलं?" उत्तर चुकलं की टाळक्यात चोच.

बुंदी नावाचं चितळाचं एक पाडस होतं. अंगावर दाट ठिपके, आणि लक्ष कुठंतरी भलतीकडेच. तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

"बुंदे, काय ऐकू आलं?"

"वारा, बाई."

चोच.

"आणि आता?"

"वारा."

चोच. "अगं, ते रानडुक्कर होतं. अजून तुझ्या मागं उभं आहे."

"मला वाऱ्यासारखंच वाटलं, बाई," बुंदी टाळकं चोळत म्हणायची.

बाई सुस्कारा टाकायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. "नीट ऐक. वारा आला की सगळं गवत हलतं. बिबट्या आला की गवतात एकच रेघ हलते. कान आधी, डोळे मग, पाय लगेच."

बुंदी मान हलवायची. तिच्या मानेला तेवढंच येत होतं.

बाईंना या पोरीची फार काळजी वाटायची. माळावरचं गवत वाढत चाललं होतं. ते पाडसाच्या डोक्यावर गेलं की मग शिकवायला वेळ उरत नाही. त्याच्या आत बुंदीच्या डोक्यात ती एक रेघ उतरायला हवी होती. बाकी सगळं बाजूला राहिलं तरी चालेल, पण ही पोर जगायला हवी, एवढंच बाईंच्या मनात असायचं.

बाई चांगल्या शिक्षिका होत्या का? तुम्हीच ठरवा. त्यांच्याकडे शिकलेली जनावरं म्हातारी व्हायची. जंगलात ही साधी गोष्ट नाही, बाळांनो.

एकदा कुलगुरूंच्या कानावर आलं, की नदीपलीकडच्या जंगलात उत्तम शिक्षकांचा गौरव करतात. अस्वलराव चिंतेत पडले.

"आपल्याकडे उत्तम शिक्षक आहेत का हो?" त्यांनी कोल्हेसरांना विचारलं.

"बघावं लागेल," कोल्हेसर म्हणाले. "नसतील तर तयार करू."

लगेच अध्यापन उत्कृष्टता कक्ष स्थापन झाला. संचालक कोल्हेसर. त्यांनी उभ्या आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं. त्यामुळे शिकवण्याबद्दल त्यांचा कसलाही पूर्वग्रह नव्हता.

कक्षानं पहिलं काम केलं ते कार्यशाळांचं. शिकवावं कसं, हे शिक्षकांना शिकवायचं ठरलं. कार्यशाळा रोज सकाळी असत. सकाळी सगळे शिक्षक मोकळे असतात, नुसते शिकवतच असतात, असं कोल्हेसरांचं निरीक्षण होतं.

मग काय. सकाळ झाली की टिटवीबाई वडाखाली गोल करून बसायच्या. प्रत्येकानं शेजाऱ्याचा पंख, पंजा किंवा शेपूट धरायचं आणि आपलं उत्कृष्टत्व एका शब्दात सांगायचं.

"तेज," मोर म्हणाला.

"झेप," माकड म्हणालं.

"गवत वाढतंय," टिटवीबाई म्हणाल्या.

"मॅडम, एका शब्दात," कोल्हेसर हसून म्हणाले. ते नेहमी हसूनच बोलायचे.

"गवत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कार्यशाळेत कोणी काहीही बोललं तरी टाळ्या वाजवायच्या, असा नियम होता.

मग एका सकाळी कार्यशाळेला सुट्टी देऊन कक्षाची समिती बाईंचा वर्ग पाहायला आली. समितीनं येताना बोरं आणली होती. पोरं डोळे मिटून गवताकडे कान लावून उभी, आणि मागं समितीचे दात कडाकडा वाजताहेत. बुंदीनं त्या दिवशी पहिल्यांदाच वारा सोडून दुसरं उत्तर दिलं. ती म्हणाली, "बोरं." उत्तर बरोबर होतं. बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं.

समितीचा अभिप्राय मात्र वाईट आला. शिक्षिका काहीच बोलत नाहीत. विद्यार्थी डोळे मिटून घेतात, म्हणजे वर्ग कंटाळवाणा आहे. शिवाय चोच मारली जाते. कोल्हेसरांनी बुंदीला बाजूला घेऊन विचारलं होतं, "बाळ, या तासाला तुला कसं वाटतं?" आणि बुंदीनं खरं ते सांगितलं होतं. "भीती वाटते, सर."

"ऐका," कोल्हेसर कुलगुरूंना म्हणाले. "भीती. या काळात."

आता एकच अभिप्राय घ्यायचा राहिला होता. कोल्हेसर त्यासाठी बिबटेसाहेबांकडे गेले. का, ते सांगतो. विद्यापीठातले विद्यार्थी शेवटी कुठं जातात, याचा विचार उत्तम विद्यापीठानं करायचा असतो. बरेचसे विद्यार्थी बिबटेसाहेबांकडे जात. तेव्हा त्यांचं मत घेणं आलंच.

बिबटेसाहेब फांदीवर पाय सोडून पडले होते.

"बाकी विषय उत्तम आहेत," ते म्हणाले. "मोराकडची पोरं तर फारच छान. समोर उभी राहतात, मान वर करतात, डोळ्यांत डोळे घालून आपली ओळख करून देतात. मी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत."

"आणि टिटवीबाईंची?"

साहेबांचा चेहरा उतरला. "ती थांबतच नाहीत हो. संवादच होत नाही."

"मग तो विषय बंद करून टाकू?"

"छे, छे. बंद केलात तरी त्या माळावर बसून ओरडणारच." साहेबांनी थोडा विचार केला. "त्यापेक्षा त्यांचा सत्कार करा. उत्कृष्ट शिक्षिका म्हणून. छान मोठी शाल घाला. त्यांचे सगळे विद्यार्थी पुढच्या रांगेत बसवा. आणि प्रमुख पाहुणे मिळत नसतील, तर मी येईन."

कोल्हेसरांचे डोळे भरून आले. ज्यांची तक्रार, तेच सत्काराला येणार. इतक्या मोठ्या मनाचे पाहुणे त्यांनी पाहिले नव्हते.

टिटवीबाई आधी नकोच म्हणाल्या. पण अस्वलरावांनी त्यांना सांगितलं, की सत्कार झालेल्या शिक्षकाला कार्यशाळांतून कायमची सूट मिळते. बाई विचारात पडल्या. सूट म्हणजे सकाळ मोकळी. सकाळ मोकळी म्हणजे बुंदी. गवत आता पाडसाच्या खांद्याला लागलं होतं.

आणि खोटं कशाला बोला, बाईंना थोडं बरंही वाटलं. आजवर त्यांना कोणी बारशालासुद्धा बोलावलं नव्हतं. आता त्यांच्यासाठी मांडव पडणार होता.

"प्रमुख पाहुणे कोण आहेत?" त्यांनी विचारलं.

"ते सरप्राइज आहे, मॅडम," कोल्हेसर म्हणाले.

मांडव बाईंच्याच माळाच्या कडेला घातला. पुढच्या रांगेत बाईंचे विद्यार्थी, मागं मोराचे, त्यामागं माकडांचे. बुंदी पहिल्या रांगेत कडेला बसली होती आणि खुर्चीचा वेत चावत होती. सूत्रसंचालन कोल्हेसरांकडे, स्वागत कोल्हेसरांकडे, आभारही कोल्हेसरांकडेच.

दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. मधली खुर्ची मात्र रिकामीच होती.

"प्रमुख पाहुणे निघालेले आहेत," कोल्हेसरांनी जाहीर केलं. "कोणत्याही क्षणी पोहोचतील. तोवर आपण सत्कार उरकून घेऊ."

कुलगुरूंनी शाल उलगडली. विद्यापीठात शाली एकाच मापाच्या शिवून घेतलेल्या होत्या, आणि माप घेतलं होतं कुलगुरूंचं. शाल पडली आणि टिटवीबाई दिसेनाशा झाल्या. आता श्रीफळ कोणाच्या हातात द्यायचं? कुलगुरूंनी शालीला जिथं उंचवटा होता, तिथं ते ठेवून दिलं. वर हार घातला. शेजारी सन्मानचिन्ह टेकवलं. सगळं कसं नीट झालं.

आत अंधार होता आणि लोकरीचा वास येत होता. पंख उघडत नव्हते. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण बाईंचे कान उघडे होते, आणि त्यांनी आयुष्यभर हेच तर शिकवलं होतं. मांडवाच्या मागून, गवतातून, सावकाश काहीतरी येत होतं.

वारा नव्हता.

बाई जिवाच्या आकांतानं ओरडल्या. टिटिव्, टिव्, टिटिव्.

"सत्कारमूर्ती आपलं मनोगत व्यक्त करत आहेत," कोल्हेसर म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाई आणखी मोठ्यानं ओरडल्या. टाळ्या आणखी वाढल्या. "किती भरभरून बोलतात," मोर शेजाऱ्याला म्हणाला. कुलगुरूंनी डोळे मिटून मान डोलवली. बाईंना रडू येऊ लागलं. आपण इतकी वर्षं ओरडलो आणि सगळ्यांनी ऐकलं तो हा एकच दिवस, आणि आजच कोणाला काही कळत नाही, असं त्यांच्या मनात आलं. पोरंही टाळ्याच वाजवत असतील. बुंदी तर नक्कीच.

बुंदीनं टाळ्यांसाठी खूर उचलला होता. तो तिनं तसाच धरला. टाळ्यांच्या आडून तिला काहीतरी सळसळलेलं ऐकू आलं.

वारा, ती सवयीनं मनात म्हणाली आणि सवयीनंच चोचीची वाट पाहू लागली. चोच आली नाही. तेव्हा मात्र तिनं मान वळवून गवताकडे पाहिलं. सगळं गवत शांत उभं होतं. त्यात एकच रेघ हलत होती, आणि ती मांडवाकडे येत होती.

"हा वारा नाही," बुंदी म्हणाली.

पाय लगेच. तिच्यामागं पाडसं, पाडसांमागं ससे, सशांमागं लाव्हे. खुर्च्या उलथ्यापालथ्या झाल्या आणि बघता बघता पुढची रांग रिकामी झाली.

"कार्यक्रम अजून संपलेला नाही," कोल्हेसर ओरडले. पण तेवढ्यात मांडवाच्या मागून प्रमुख पाहुणे आले. पुढच्या रांगेकडे बघून ते जागीच थांबले. बरेच दिवस मनात धरलेला बेत होता, आणि रिकाम्या पोटी आले होते. कोल्हेसर हार घेऊन लगबगीनं सामोरे गेले. स्वागत त्यांच्याकडेच होतं ना.

पाहुण्यांनी हार बाजूला ठेवला आणि बाकीच्या स्वागताचा स्वीकार केला.

शालीखाली काय आहे, इकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. शालीचा एवढा एक उपयोग झाला.

पुढं चौकशी समिती बसली. पाहुणे तृप्त होऊन गेले, तेव्हा कार्यक्रम यशस्वी झाला, असं समितीला दिसलं. आभारप्रदर्शन राहून गेलं, पण आभार मानणारे उपलब्ध नव्हते. दोष एकच निघाला. टिटवीबाईंचे विद्यार्थी कार्यक्रम अर्ध्यावर टाकून पळाले. ही बेशिस्त उत्कृष्ट शिक्षिकेला शोभत नाही, असं ठरलं आणि बाईंचा पुरस्कार काढून घेतला. शाल परत गेली. नारळ मागितला नाही, कारण तो कुलगुरूंनीच खाल्ला होता. पुरस्कार कोल्हेसरांना मरणोत्तर मिळाला. प्रमुख पाहुण्यांशी इतकं जवळचं नातं विद्यापीठात दुसऱ्या कोणी जोडलं नव्हतं.

टिटवीबाईंना पुन्हा कोणी कार्यशाळेला बोलावलं नाही. सकाळी त्या पुन्हा गवताच्या कडेला उभ्या राहू लागल्या. गवत आता पाडसाच्या डोक्यावर गेलं होतं.

"डोळे मिट, बुंदे. काय ऐकू येतंय?"

बुंदीनं डोळे मिटले. लांब वडाखाली नवीन संचालकांची कार्यशाळा भरली होती.

"टाळ्या, बाई."

"बरोबर. मग टाळ्या ऐकू आल्या की काय करायचं?"

बाईंनी वळून पाहिलं. बुंदी जागेवर नव्हती. गवतात फक्त एक बारीक रेघ लांब लांब पळत चालली होती.

बाई त्या रेघेकडे बघत राहिल्या. त्यांना इतकं बरं वाटलं, की त्या बराच वेळ ओरडल्याच नाहीत.

तात्पर्य: उत्तम शिक्षकांचा सत्कार अवश्य करावा, आणि शाल जाड घ्यावी. विद्यार्थ्यांनी मात्र शेवटपर्यंत जागेवर बसून टाळ्या वाजवाव्यात. इतक्या लांबून आलेल्या प्रमुख पाहुण्यांना उपाशी परत पाठवणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.