मसाळ्यातला ळ

माळव्यातल्या धारमध्ये लग्नपत्रिका छापून आली, की लोक ती नानांना सगळ्यांत शेवटी देतात. आमचे हे शेजारी खिशात लाल पेन बाळगतात आणि ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केल्याशिवाय वधूवरांना आशीर्वाद देत नाहीत. अशा माणसाच्या दुकानावर हातभर अक्षरांत पाटी आहे, 'नानांचे मसाळे'. चक्क ळ!

कुणी हटकलं तर अस्सल माळवी थाटात म्हणतात, "रजिस्टर झालंय, भिया. आता तेच शुद्ध."

रजिस्टर मीच करून दिलंय, मी वकील आहे. मूळ पाटी त्यांच्या मुलीनं, अनूनं, सात वर्षांची असताना रंगवली. शाळा हिंदी. तिनं आपलं गणित मांडलं, हिंदीत मालवा, मराठीत माळवा, मग मसाल्याचा मसाळा होणारच. नानांनी ते अक्षर जसंच्या तसं ट्रेडमार्कला लावलं. लाल पेन त्या एका ठिकाणी चाललं नाही.

पुढे अनू लग्न होऊन देवासला गेली आणि नाना घरात एकटे राहिले. तिनं तिथे दुकान काढायचं म्हटल्यावर नानांनी पोटच्या पोरीशी फ्रँचायझीचा करार केला. नाव वापरायचा हक्क तिचा, पण नावात काना-मात्रेचा फरक करायचा नाही आणि मसाला नानांच्याच पद्धतीनं कुटायचा. शिवाय दर महिन्याला तपासणी. मी म्हटलं, वर्षातून दोनदा पुरे.

"मालकानं लक्ष नाही ठेवलं तर नावावरचा हक्क पातळ होतो, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

तपासणीला ते पाण्याची बाटली घरून नेतात. "तपासनीस पाहुणचार घेत नसतो." चिमूटभर तिखट तळहातावर घेऊन हुंगतात. शिंक आली की माल पास.

गेल्या महिन्यात ते देवासहून तणतणत परतले. अनूनं नवी पाटी लावली होती, 'नानांचे मसाले'.

"नोटीस काढा! करार रद्द!"

नोटीस काढण्याऐवजी मी त्यांना घेऊन देवास गाठलं. अनू गल्ल्यावर होती.

"बाबा, इथली मराठी मंडळी रोज हसतात. म्हणतात, बाप इतका शुद्धवाला आणि पोरीला ळ कळत नाही. मुझे शर्म आती है, सच्ची."

मी तोडगा काढला. माझे तोडगे सहसा बिनतोड असतात. "नाना, करार मोडूनच टाका. तिला तिचं वेगळं नाव ठेवू दे. ना ळ, ना तपासणी, ना दर महिन्याला बसची दगदग."

नाना बाटलीचं झाकण फिरवत राहिले.

"पाटी हवी तशी लाव, पोरी. ल तर ल. वकीलसाहेब, तपासणीचं कलम तेवढं राहू द्या. मुलीच्या सासरी बाप दर महिन्याला उगाच कसा जाणार? काहीतरी काम पाहिजे ना."

मला फार वाईट वाटलं. ते कलम मीच लिहिलं होतं आणि मलाच त्याचा अर्थ कळला नव्हता.

अनूनं पोत्यांमागून जुनी पाटी ओढून काढली आणि पदरानं ळवरची धूळ पुसली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "वकीलकाका, करारात दुरुस्ती करा. तपासणी दर महिन्याला नको."

नानांचा चेहरा उतरला.

"दर आठवड्याला करा. और तपासनीस जेवूनच जाईल, हेही लिहा."

नानांनी लाल पेन माझ्या हातात दिलं. मी घाईघाईत 'तपासनिस' असं लिहिलं. नानांनी ते वाचलं आणि तसंच राहू दिलं.