आप्पांच्या घराचा बुरूज

"जागा कशाला बघायला हवी? प्लॅनचा फोटो पाठवा, आप्पा. बांधायच्या आधीच तुम्हाला तुमच्या घरात फिरवून आणतो," सुजय फोनवर म्हणाला.

सासऱ्यांशी बोलताना एरवी त्याचा आवाज निम्म्यावर येई. लग्न ठरताना आप्पांनी विचारलं होतं, "कॉम्प्युटरवर घरं काढता ते कळलं. पण ती बांधतं कोण?" चार वर्षं झाली तरी सुजयला उत्तर सुचलं नव्हतं. आता आप्पा स्वतःच जयगडच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, घर बांधत होते. सोमवारी पाया खणायचा होता. अशी संधी जावयाला पुन्हा मिळत नाही.

फोटो आला. ओव्हरसियर नितेशचा प्लॅन आप्पांनी उन्हात धरून टिपला होता. अक्षरं मुंग्या चिरडल्यासारखी, रेघा मात्र ठसठशीत. सुजयला रेघाच पुरेशा होत्या. रेघ दिसली की वर ओढायची, भिंत उभी राहते, हे त्याच्या धंद्याचं पहिलं सूत्र.

तीन दिवसांत पडवी, माजघर, स्वयंपाकघर उभं राहिलं. मागच्या बाजूला दहा फुटी गोल होता. त्याच्याकडे बघता बघता सुजयला जयगडचा किल्ला आठवला आणि आप्पांविषयी एकदम आदर वाटला. म्हातारा रसिक निघाला! त्याने गोल बारा फूट वर ओढला, कौलांची टोपी चढवली, खिडकीत जास्वंदीची कुंडी ठेवली. बागेच्या टोकाला आठ बाय पाचचा एकलकोंडा चौकोन उरला होता. त्याची त्याने खोली केली. पलंग जेमतेम मावला. पण सासुरवाडीत जावयाने फार जागा अडवू नये, या मताचा तो होता.

रविवारी अकरा वाजता आप्पा आणि सासूबाई, विमलाताई, भाट्याला लेकीच्या फ्लॅटवर आले. नम्रताने सुजयचा लॅपटॉप टीव्हीला जोडला. पडद्यावर घर संथपणे फिरू लागलं.

"अगोबाई, हा मनोरा कसला?"

"बुरूज आहे, आई."

"अहो, मला सांगितलंत नाही ते? माझा पलंग तिथेच. यांच्या घोरण्यापासून सुटले."

"आणि ही टोकाची खोली माझी," सुजय नम्रपणे म्हणाला. "पंखासुद्धा लावलाय."

आप्पा चष्मा पुसून पुढे सरकले. "सगळं ठीक. विहीर कुठाय?"

"प्लॅनवर विहीर नाहीच, आप्पा."

आप्पांचा चेहरा उतरला. कातळात दोन ठिकाणी खणलेलं कोरडं गेल्यावर तिसऱ्या जागी पाणी लागलं होतं. त्या पाण्याच्या भरवशावर घर होतं. "नीट बघितलंत?"

"रेघ न् रेघ घेतलीय. नितेश विसरला असणार."

आप्पांनी तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "काय रे नितेश, उद्या पाया खणायचा आणि तू माझी विहीर गिळलीस? आमच्या जावईबापूंनी चूक पकडली म्हणून बरं."

सुजयने मान किंचित खाली घातली. कौतुक असंच स्वीकारायचं असतं.

"विहीर आहे की, आप्पा," नितेश म्हणाला. "स्वयंपाकघराच्या मागे. तो मोठा गोल."

चौघांनी पडद्याकडे पाहिलं. बुरूज फिरत होता. जास्वंद आली, गेली, पुन्हा आली.

"म्हणजे हिचा पलंग विहिरीत," आप्पा म्हणाले.

"मग विहीर दुसरीकडे खणा," विमलाताई म्हणाल्या. "बुरूज मला हवाय."

आप्पांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते जावयाकडे बघत होते. "तुम्ही काढलेली घरं बांधतं कोण, हे चार वर्षं मला पडलेलं कोडं. आज सुटलं. कोणी बांधतच नसणार."

नम्रता पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. आतून तिचं हसू ऐकू आलं.

फोन अजून चालूच होता. "आप्पा, बागेच्या टोकाचा चौकोन तरी कळला ना?" नितेशने विचारलं. "विहिरीपासून मुद्दाम लांब ठेवलाय. संडासाची टाकी ती."

सुजयचा हात लॅपटॉपकडे गेला. आप्पांनी तो मधेच धरला.

"कळला," ते फोनमध्ये म्हणाले. "तेवढी मात्र हलवू नकोस रे. जावईबापूंनी जागा स्वतः पसंत केलीय."