सिंहाची झेप आणि कोल्ह्याचा बांबू

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह म्हातारा होत चालला होता. जंगलात पेन्शन नसते. म्हणून तो अजून शिकार करत होता.

त्याच्या गुहेसमोर कोवळं गवत होतं. बाकी रान वाळून गेलं होतं. रुंजी नावाच्या हरिणीचं दूध आटलं होतं आणि तिचं पाडस उभं राहताना थरथरत होतं. तिला ते गवत हवंच होतं.

हरणांची एक रीत होती. सिंह गुहेच्या तोंडातून झेप घ्यायचा. त्याचे पंजे जितक्या लांब टेकतील तितक्या लांब नंतर हरणांनी एक खडा ठेवायचा, नवा खडा जुन्याच्या उजवीकडे. का ठेवायचा, ते कुणालाच माहीत नव्हतं. हसू नका, तुमच्याही घरात अशा रीती आहेत.

शेजारच्या जंगलात शिकून आलेल्या कोल्ह्याने ते खडे पाहिले. त्याने एक सरळ बांबू आणून खड्यांच्या मधून आडवा टाकला. काही खडे बांबूच्या अलीकडे राहिले, काही पलीकडे. एक मात्र फारच लांब, पार बोरीजवळ होता.

"हा कसला?"

"त्या दिवशी महाराज उपाशी होते," रुंजी म्हणाली.

"मग हा धरायचा नाही. उगाच बांबू हलतो." कोल्ह्याने तो खडा लाथेने उडवला. "आता बघा. बांबूचं उजवं टोक गुहेकडे उतरतंय, म्हणजे झेप आखूड होतेय. बांबूच्या टोकापलीकडे खुशाल चरा."

"नक्की ना, कोल्होबा? पाडस लहान आहे हो माझं."

"रुंजीताई, बांबूला खोटं बोलून काय मिळायचंय?"

हरणं टोकापलीकडे चरू लागली. सिंहाच्या झेपा बांबूपाशीच पडू लागल्या. कोल्ह्याला शाल आणि नारळ मिळाला. रुंजीला दूध आलं, पाडस उड्या मारू लागलं. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं.

फक्त सिंहाला काही मिळेना. तो उपाशी राहिला. मग एके सकाळी त्याने झेप घेतली, ती थेट बोरीजवळ. तिथे रुंजी चरत होती.

दुपारी कोल्हा तोंड पुसत आला. पाडस बोरीजवळ उभं होतं.

"कोल्होबा, आई कुठाय?"

कोल्ह्याने तिथे एक खडा ठेवला. बांबू जरासा सरकवला. मागे होऊन निरखून पाहिला.

"आता अगदी बरोबर बसला," तो म्हणाला. "बाळा, उद्यापासून तू जरा पलीकडे चरत जा."

तात्पर्य : अंदाज कधीच चुकत नाही. चुकतं ते हरीण.