ठेवणीतल्या जॅकेटाची मोहीम

आज्ञा जाहली ती ऐशी की, कपाटावरील स्वारीचा मजकूर साद्यंत लिहावा, पराक्रम जेथे जाहला तेथे अक्षर ठळक काढावे आणि फजिती जेथे जाहली तेथे शाई पातळ करावी. आज्ञा करणार राजमान्य राजश्री धाकट्या सूनबाईसाहेब, आणि पराक्रमही त्यांचाच म्हणावयाचा, म्हणोन लेखकास मोठा पेच पडिला. मग मसुदा थोरल्या सूनबाईंच्या हाती गेला, त्यांनी तो वाचून बहुत हसून पातळ शाईची पाने पुन्हा ठळक करविली. आता जे लिहिले आहे ते त्यांच्या नजरेखालचे आहे, सबब खरे आहे.

तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांची दौलत. गादीवर सासूबाई, त्यांचे दोन पुत्र कारभारी, आणि दोन सुना, त्यांत थोरली शांत आणि धाकटी अवलिया. थोरली पूर्वी चष्म्याच्या दुकानी डोळे तपासण्याच्या कामावर होती, आणि ‘आता खालची ओळ वाचा’ हे वाक्य ती ऐशा मायेने बोले की आंधळ्यासही वाचावेसे वाटे. पुढे कन्यारत्न जाहले, तिने रजा घेतली, आणि रजेची मुदत लांबत लांबत कन्या चौथ्या इयत्तेत जाऊन बसली. ऐशा समयी एके सकाळी दुसऱ्या एका चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला की, जागा रिकामी आहे, उदईक दुपारी भेटीस यावे. थोरली आनंदली, आणि मग कपाट उघडून त्यापुढे उभी राहिली, आणि उभीच राहिली. शेवटी तिने जाहीर केले की, आपणांस घालावयास काही नाही, आणि खरे पुसाल तर इतक्या काळाने हात तरी चालेल की नाही हेही ठाऊक नाही, तेव्हा जाणे रद्द समजावे.

हे वर्तमान धाकटीच्या कानी गेले. धाकटी दिवसा एका विमा कचेरीत फोन उचलण्याच्या चाकरीवर, परंतु मनाने ती पेहरावाची सेनापती. मोबाइलवर तिचे स्वतःचे पान होते, त्यावर ती रंगसंगतीचे धडे देत असे, आणि तिचे अनुयायी बहुतेक सासरमाहेरचेच होते, शिवाय एक पाण्याच्या टाक्या विकणारा, तो कसा आला हे कोणास कळले नाही. धाकटीने वाक्यातील ‘घालावयास काही नाही’ इतकाच भाग ऐकिला, पुढला भाग ऐकिलाच नाही, आणि मोहिमेचा विडा उचलिला. इथेच पहिली चूक जाहली, परंतु नगारा वाजल्यावर कोण ऐकतो.

मग मसलत बसली. धाकटीने आपली युद्धनीती सांगितली ती येणेप्रमाणे की, रंग चालू मोसमाचा हवा, यंदा मोहरीच्या पिवळ्याची आणि बाटलीच्या हिरव्याची सद्दी आहे. आणि एकाच पोताची फौज लढत नाही, तेव्हा गुळगुळीतास खरखरीत भिडवावे आणि झुळझुळीतास जाड. आणि एक वस्त्र ऐसे हवे जे कचेरीत, समारंभात, बाजारात, सर्वत्र चालून जाईल. परंतु नवे ठाणे बसविण्यापूर्वी जुने तण काढावे, याकरिता फर्मान सुटले की, जे वस्त्र वर्षभर अंगास लागले नाही ते हद्दपार. हे फर्मान धाकटीने कोण्या परमुलखातल्या बाईच्या व्हिडिओवरून जसेच्या तसे उचलिले होते, आणि तिच्या मुलखी ते चालतही असेल.

या दौलतीचा रिवाज मात्र निराळा. येथे चांगले वस्त्र आले की सासूबाई ते हातांनी चाचपून म्हणत, “छान आहे, ठेव निमित्ताला.” आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत जाई, पिशवी कपाटाच्या वरल्या फळीवर जाई, आणि निमित्त काही येत नसे. घरात सर्वांच्या अंगावर मानेपाशी विरलेले, कोपरात फाटलेले, रंग कोणता होता हे विसरलेले कपडे असत, आणि कपाटात इस्त्रीचे शर्ट, लेबल न काढलेले स्कर्ट आणि लिननच्या विजारी कैदेत असत. ऐशा ठिकाणी ‘वर्षभर घातले नाही’ हा निकष लाविला असता कोण जाईल आणि कोण राहील, हे शाळकरी पोरासही उमगले असते.

धाकटीस उमगले नाही, त्याचे कारण ऐसे की, मोहिमेचे चित्रण चालू होते आणि तिचे तोंड मोबाइलाकडे व पाठ पलंगाकडे होती. ती पानावरच्या अनुयायांस सांगत होती की, मोकळे कपाट म्हणजे मोकळे मन. पाठीमागे थोरलीचे यजमान एकेक वस्त्र उचलून पुसत, “वर्षात घातलंय का?” आणि थोरली मूळची सत्यवचनी, ती बोले, “नाही.” मग ते पोत्यात पडे. पांढरा शुभ्र शर्ट गेला, राखी विजार गेली, निळा लोकरी कोट गेला, आणि यजमानांनी पोती खांद्यावर घेऊन रस्त्याच्या टोकाशी जुन्या कपड्यांची जी लोखंडी पेटी आहे तीत लोटून दिली. त्या पेटीचे तोंड ऐसे केलेले आहे की आत सर्व जाते आणि बाहेर काही येत नाही.

फर्मानातून दोनच ठिकाणे सुटली. सासूबाई आपल्या ट्रंकेवर जाऊन बसल्या आणि भाजी निवडू लागल्या, त्या उठल्याच नाहीत, म्हणोन ते ठाणे सर जाहले नाही. आणि दुसरी धाकटीची स्वतःची सूटकेस, पलंगाखालची, ती कोणी तपासिली नाही, कारण सेनापतीची छावणी तपासू नये ऐसा दंडक आहे. हा दंडक सेनापतीनेच त्या दिवशी केला.

दुसरे दिवशी सकाळी प्रत्यक्ष लढाईस तोंड लागले. कन्या शाळेत गेली, धाकटीने कचेरीतून रजा घेतली, आणि थोरलीस आरशापुढे उभी केली. आधी मोहरीच्या पिवळ्या रंगाचा रुमाल गळ्यात बांधिला, तो चेहऱ्यावर ऐसा उतरला की सासूबाईंनी येऊन थोरलीचे डोळे पाहिले आणि काविळीची चौकशी केली. मग पोतास पोत भिडविला, झुळझुळीत हवे म्हणोन रात्री निजावयाचा सॅटिनचा गाऊन विजारीत खोचिला आणि वरून जाड स्वेटर चढविला, त्यावरून थोरली आगीतून पळून आल्यासारखी दिसू लागली. मग बहुउपयोगी वस्त्राची पाळी आली. धाकटीकडे एक लांबरुंद विणलेले प्रकरण होते, ते सात तऱ्हांनी नेसता येते ऐसा त्याचा लौकिक. दोन तऱ्हा पार पडल्या, तिसऱ्या तऱ्हेत थोरलीचे दोन्ही हात अंगाशी जखडले आणि सुटेनात. धाकटीने व्हिडिओ उलटा फिरवून पाहिला, तरी उलगडा होईना. अखेर सासूबाईंनी गुंतलेला दोरा सोडवावा तैसे शांतपणे तिला मोकळे केले आणि त्या आपल्या कामास गेल्या, ते धाकटीस फार लागले.

तेव्हा धाकटी बोलिली की, आता गंमत पुरे, तो पांढरा शर्ट आणि राखी विजार काढा. थोरलीने तिच्याकडे पाहिले.

“ते वर्षभर घातले नव्हते,” थोरली बोलिली.

धाकटीने कपाट उघडिले. आत विरलेले, फाटलेले, चिवट ऐसे सर्व शिलेदार मजेत लटकत होते, आणि दौलतीचे सगळे खासे सरदार लोखंडी पेटीत कैद. मग ती मटकन पलंगावर बसली.

लागलीच कुमक धाडिली. थोरलीचे यजमान पेटीपाशी गेले, कोपरापर्यंत हात घातला, आणि हात अडकला. येणारे जाणारे थांबून पाहू लागले. एका आजोबांनी साबण लावण्याची मसलत दिली, दुसऱ्या कोणी पेटीस धक्का मारिला, तेव्हा हात सुटला आणि मुठीत कोण्या परक्याचा एकच पायमोजा आला. मग पानवाल्याने सांगितले की, गाडी पहाटेच येऊन पेटी रिकामी करून गेली. येणेप्रमाणे कुमक परतली ती पायमोजासुद्धा परतली, कारण यजमान भांबावून गेले होते आणि तो टाकावा हे त्यांस सुचले नाही.

थोरली रागावली नाही. रागावती तर बरे, ऐसे सर्वांस वाटले. तिने विणलेल्या प्रकरणाची नीट घडी घालून धाकटीच्या हाती दिली आणि बोलिली, “जाऊ दे गं. मी फोन करून नाही म्हणून सांगते. त्यांना काय, दुसरी मिळेल.” आणि ती स्वयंपाकघरात जाऊन सकाळची भांडी घासू लागली. पाण्याचा नळ नेहमीपेक्षा मोठा सोडिला होता. धाकटी दारात उभी राहिली आणि काल तिने वाक्याचा जो भाग ऐकिला नव्हता तो तिला आता ऐकू आला, की थोरलीस कपड्यांचे भय नव्हते, आपण कामास उरलो नाही याचे भय होते, आणि आपण मदतीस म्हणोन धावून येऊन त्या भयास चांगली सबब मिळवून दिली. धाकटीस आपली लाज वाटली. बखरीत ऐसे लिहू नये असा तिचा आग्रह होता, तो थोरलीने मानला नाही.

आता खरे युद्ध सुरू जाहले, आणि ते धाकटीचे धाकटीशी. कारण पलंगाखालच्या सूटकेशीत, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून, एक कॉरडरॉयचे जॅकेट होते. बाटलीचा गडद हिरवा रंग, हात फिरविला की बोटांखाली बारीक रेघा लागत, आत मऊ अस्तर, बाहेर लाकडी बटणे. ते धाकटीने स्वतःच्या हौसेने घेतले होते आणि कोणास दाविले नव्हते, कारण तिचा बेत ऐसा की, ज्या दिवशी आपले पान जगभर गाजेल आणि मोठमोठे लोक मुलाखतीस बोलावतील त्या दिवशी ते घालावे. अधूनमधून दार लावून ती आरशापुढे ते चढवी, मुलाखतीची उत्तरे देई, आणि पुन्हा अभ्र्यात घाली. दुसऱ्यांस ‘वर्षभर न घातलेले हद्दपार’ सांगणारीने हे एक वस्त्र दोन वर्षे दडविले होते. तिने सूटकेस ओढिली, पुन्हा आत सारिली, पुन्हा ओढिली. या चढाईत बराच वेळ गेला, आणि नळ चालूच होता.

मग ती जॅकेट घेऊन स्वयंपाकघरात गेली. थोरलीने ओले हात पुसले, बोट रेघांवरून फिरविले आणि आतल्या अस्तरास लटकलेले लेबल पाहिले.

“हे कधी घेतलंस?”

“झाली दोन वर्षं.”

“मग घातलं का नाहीस?”

“निमित्त नव्हतं.”

थोरलीने नळ बंद केला.

“मलापण नव्हतं,” ती बोलिली, आणि एक हात बाहीत घातला.

पुढे सर्व झपाट्याने जाहले. रोजचा विटका पांढरा शर्ट, जो धुऊन धुऊन सायीच्या रंगाचा जाहला होता, आणि रोजची काळी विजार, या दोहोंस सासूबाईंनी स्वहस्ते ऐशी इस्त्री केली की विजारीच्या घडीने बोट कापावे. धाकटीचे हात लांब, म्हणोन जॅकेटाच्या बाह्या दोन दुमडी वर घेतल्या, तेव्हा आतले अस्तर मनगटापाशी दिसू लागले आणि तेही शोभले. मोसमाचा रंग आला, जुन्या मऊ सुतावर खरखरीत पोत आला, आणि एकच वस्त्र सर्व काही झाकून गेले. धाकटीची तिन्ही सूत्रे साधली, परंतु त्यांतले एकही धाकटीने साधिले नव्हते, आणि मोबाइल त्या समयी पलंगावर पालथा पडला होता. लेबल सासूबाईंनी दातांनी तोडिले.

थोरली जिना उतरली. खालच्या पायरीवर ती थबकली आणि वर पाहिले, तो कठड्यावर धाकटी आणि सासूबाई. सासूबाई बोलिल्या, “जा, वाचून घे त्यांच्याकडून खालची ओळ.” आणि थोरली गेली.

दुकानी काय जाहले ते तिने परत येऊन सांगितले. आत पाऊल टाकिताच मालकीणबाईंनी पांढरा झगा पुढे केला आणि सांगितले की, बोलणे मागाहून, आधी हे घाला, बाहेर चारजण खोळंबले आहेत आणि आमची कामावरची मुलगी आज आली नाही. मग जॅकेट उतरले, दारामागे खुंटीवर गेले, आणि संध्याकाळपर्यंत ते युद्धाचे तोंडही न पाहता तेथेच टांगलेले राहिले. इकडे थोरलीने पहिल्यास खुर्चीत बसविले, तेव्हा हात किंचित अडखळला. दुसऱ्यास बसविले तो अडखळला नाही. आणि तिसऱ्यापासून आपण कधी घरी बसलो होतो हे ती विसरली. निघताना मालकीणबाईंनी पुसले की, उद्यापासून याल का, आणि जॅकेटाविषयी अवाक्षर काढिले नाही. हे ऐकून धाकटीचे तोंड उतरले, तेव्हा थोरली बोलिली, “अगं, ते नसतं तर मी जिनाच उतरले नसते.”

येणेप्रमाणे कपाटाची मोहीम फत्ते जाहली. थोरलीची चाकरी कायम जाहली, यजमानांचा हात बरा आहे, आणि परक्याचा पायमोजा अद्याप दोरीवर आहे, धन्याने ओळख पटवून न्यावा. पाण्याच्या टाक्यावाल्याने मोकळ्या कपाटाच्या चित्रणास पसंतीचा अंगठा दिला, त्या पलीकडे पानाची कीर्ती वाढली नाही. जॅकेट धाकटीस परत मिळाले नाही. ते थोरलीच्या अंगावर रोज कामास जाते, रोज खुंटीवर टांगले जाते, कोपरांवरच्या रेघा पुसट होत चालल्या आहेत, आणि धाकटीने दोनदा आठवण दिली असता निमित्त काय म्हणोन उलट विचारणा जाहली.

शेवटचे कलम सासूबाईंच्या ट्रंकेविषयी. ती ज्या सकाळी आपोआप उघडली त्या सकाळी धाकटी स्वयंपाकघरात आली, तो सासूबाई भांडी घासत होत्या आणि अंगावर गर्द जांभळा रेशमी ड्रेस होता, घड्यांच्या खुणा अजून ताज्या, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, समोर साबणाचे शिंतोडे. धाकटीने भीत भीत पुसले की, आई, आज काही निमित्त आहे काय. सासूबाईंनी कढई पालथी घातली, हात झटकला, आणि आज मंगळवार आहे ऐसे उत्तर जाहले.