व्याह्याशेजारची झोप

सुज्ञ वाचकांच्या चरणी सविनय निवेदन असे की, एका सत्शील गृहस्थाच्या उजव्या पायाने त्याच्या एकुलत्या एक कन्येच्या विवाहावर कसे घोर संकट आणले, त्याचे साद्यंत वर्णन पुढे येत आहे. कोणाही पीडित मनुष्याचा उपहास करण्याचा यात हेतू नाही, हे आरंभीच नमूद करतो.

सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास करडी येथे गोमाजी नावाचा धानाचा शेतकरी राहत असे. दिवसभर त्याचे दोन्ही पाय आज्ञाधारक असत. परंतु डोळा लागतो न लागतो तोच आपण शेतातल्या माचाणावरून खाली कोसळत आहोत, असा त्याला भास होई आणि उजवा पाय त्याची अनुमती न घेता ताडकन झटकला जाई. त्या लाथेने आजवर एक कंदील फुटला होता, एक मांजर कायमची घर सोडून गेली होती आणि पत्नी धुरपता हिने आपली बाज भिंतीपलीकडे नेली होती.

एवढ्यावर निभावले असते. परंतु कन्या बेबी हिचे लग्न लाखांदूरच्या धनीरामच्या मुलाशी जुळत आले आणि गोमाजी त्या पायाला भिऊ लागला. मुलीच्या काकाला झोपेत झटके येतात, एवढ्या कारणावरून शेजारच्या गावातली एक सोयरीक नुकतीच मोडली होती. घराण्यात मिरगी आहे, असे चार तोंडी झाले की बेबीला कोण पत्करणार? शिवाय मिरगी आलेल्या माणसाला लोक धरून चप्पल हुंगवतात, हे त्याने बालपणी प्रत्यक्ष पाहिले होते. ती चप्पल आठवली की त्याच्या कपाळाला घाम फुटे.

अखेर तो भंडाऱ्याच्या एका डॉक्टरकडे गेला. डॉक्टर हसले. "ही मिरगी नाही हो. झोप लागताना अंग दचकतं. पुष्कळांना होतं. चहा कमी करा, झोप पुरी घ्या. जितके घाबरून जागाल, तितका पाय जास्त उडेल."

"हे कागदावर लिहून द्या जी," गोमाजी हात जोडून म्हणाला.

'सदर इसम निरोगी असून झोपेत पाय झटकणे हा रोग नव्हे', अशी चिठ्ठी घेऊन तो घरी परतला. परंतु घाबरू नका, असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे, आपण घाबरलो तर काय होईल, या भीतीने त्याला पुढील तीन रात्री झोप आली नाही.

"बेबीचे बाबा, तिकडं झोपू नका बाप्पा," टिळ्यासाठी लाखांदूरला निघताना धुरपता म्हणाली. "चिठ्ठी घ्या संग. पन दाखवू नका."

"दाखवाची नाही, तं नेऊ कायले?"

"धीर राहते."

एसटीमध्ये मध्यस्थ कृष्णराव सोबत होते. व्याह्याच्या धास्तीने गोमाजी त्यांच्या कानाशी लागला. "जेवनं झाल्यावर मले इवायाजवळ झोपवू नका जी. लाथ लागली तं पोरीचं लगन गेलं. कोणाले सांगू नका, तुमाले शपथ आहे."

कृष्णरावांनी एकदा त्याच्याकडे, एकदा खिडकीबाहेर पाहिले, आणि ते विनाकारण बराच वेळ खोकले. "बरं, पाहू," एवढेच ते म्हणाले.

लाखांदूरला स्वागत उत्तम झाले. उडदाचे वडे, कढी, भात. वाढणाऱ्या विहीणबाई शकुंतलाबाई 'नाही' हा शब्द ऐकत नव्हत्या. सोयरीक पक्की करणारा टिळा चार वाजता लावायचा होता. तोवर विश्रांतीसाठी छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, एक मोठी सतरंजी अंथरली गेली. तिच्यावर दोन उशा जवळजवळ होत्या आणि पायथ्याशी तिवईवर पाण्याने भरलेला पितळी गुंड होता.

"मी बसतोच जी," गोमाजी म्हणाला. "मले दुपारी झोप येत नाही." ही दोन वाक्ये बोलताना त्याने तीन जांभया दिल्या.

"बसू द्या ना त्याइले," व्याही धनीराम घाईघाईने म्हणाला. "मी बी बसतो."

"असं कसं?" कृष्णराव गरजले. "पोरीच्या बापानं पाठ नाही टेकवली म्हणजे घर पसंत नाही, असं मनतीन लोक. झोपा दोघंही!"

निरुपाय झाला. डोके पायथ्याकडे करावे, तर पाय व्याह्याच्या तोंडाशी येत होते. गोमाजी छपरीच्या खांबाच्या बाजूला आडवा झाला. चादरीच्या आड त्याने दुपट्ट्याने आपले दोन्ही घोटे आवळले, दुसरे टोक खांबाला गुंडाळून पक्की गाठ मारली आणि तो आढ्याकडे टक लावून पाहू लागला. शेजारी धनीरामही आढ्याकडेच पाहत होता. गोमाजीने मांडीला चिमटे काढले. सगळ्या कुलदैवतांची नावे घेतली. पाचवे नाव अर्धे झाले असता डोळा मिटला. माचाण हलले...

धाड! ठण् ठण् ठण्!

गुंड अंगणापर्यंत गडगडत गेला. सतरंजीवर पाण्याचे तळे झाले. घरातून बायका धावल्या. गोमाजी एकदम उठावयास गेला, पण बांधलेल्या पायांमुळे उभ्या उभ्या व्याह्याच्या अंगावर कोसळला. संपले! बेबीचे लग्न त्याला त्या पाण्यासोबत वाहून जाताना दिसले.

"मीच मारलं जी!" तो रडकुंडीला येऊन ओरडला. "पन मिरगी नाही! हे पाहा चिठ्ठी! अन् माह्या पोरीचे पाय अगदी गरीब आहेत जी! तिनं कधी कोंबडीले बी लात नाही मारली!"

शकुंतलाबाईंनी ओली चादर उचलली, दुपट्टा पाहिला, खांब पाहिला.

"काहून जी इवाईबुवा, तुमचे पाय तं खांबाले बांधून आहेत. गुंडापर्यंत गेले कसे?"

सर्वांच्या नजरा धनीरामकडे वळल्या. तो आपला उजवा अंगठा दोन्ही हातांनी धरून बसला होता. गोमाजीची कबुली त्याने निमूटपणे ऐकून घेतली होती.

"सांगा ना आता!" शकुंतलाबाई कडाडल्या. "पंचवीस वरसं मी याइच्या लाता खाऊन राहिली. सोयऱ्याले काहून फसवता?"

धनीरामने मान खाली घातली. "मले भेव वाटलं जी. आमच्या घरी मिरगी आहे मनून तुमी पोरगी नाही देणार."

"म्हणजे... तुमाले बी माचाणावरून पडल्यासारखं वाटते?" गोमाजीने विचारले.

"मले विहिरीत पडल्यासारखं वाटते."

तेव्हा कृष्णराव मिशीत हसले. "आठ दिवसांपूर्वी यायनं मले हेच कानात सांगतलं, अन् आज एसटीत तुमी. दोघायनं शपथा घातल्या. मी कोणाचं कोणाले सांगू? मनलं, झोपवा एका सतरंजीवर. आपोआप उलगडते."

चार वाजता टिळा लागला. दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना घट्ट कवटाळले. निघताना धनीरामने हळूच विचारले, "इवाई, ते चिठ्ठी मले देता का? नाव नाही तिच्यावर." गोमाजीने ती मोठ्या मनाने देऊन टाकली.

परतीच्या एसटीत, चार दिवसांत प्रथमच, गोमाजी निश्चिंत झोपला. साकोलीच्या अलीकडे त्याचा पाय झटकला तो थेट कृष्णरावांच्या गुडघ्यावर. कृष्णराव किंचाळले. मागच्या बाकावरची म्हातारी उठून उभी राहिली.

"धरा गा बुढ्याले! मिरगी आली!" असे म्हणत तिने पायातली टायरची चप्पल काढून गोमाजीच्या नाकाला लावली.

गोमाजीचा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता. पण तिकडे लाखांदुरात बेबीच्या सासऱ्याच्या कपाळावर टिळा होता. ज्या चपलेला तो जन्मभर भ्याला, ती त्याने दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, समाधानाने हुंगली.

"आराम पडला का गा?" म्हातारीने विचारले.

"अजून नाही पडला बाई," कृष्णराव गुडघा चोळत म्हणाले. "आणखी एकदा हुंगवा. बराबर हुंगवा."

शेवटच्या ओळीपर्यंत जागे राहून वाचल्याबद्दल सर्व वाचकांचा मी अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
सेवकराम गभणे, मुक्काम करडी