झुंबरअक्कांचा ब्लॉक

मी फक्त डबा द्यायला गेले होते. (आमचे हे म्हणतात, डबा निमित्ताला. त्यांना काय कळतं.)

शेजारच्या झुंबरअक्का गच्चीवर पापड वाळत घालताना खाटेला अडखळल्या आणि मनगट मोडून बसल्या. (केळीच्या सालीवरून पडल्या असत्या तर जळगावला शोभलं तरी असतं.) सकाळी ऑपरेशन झालं. मी डबा घेऊन वॉर्डाच्या दारात पोचले, तर डॉक्टर सिस्टरला सांगत होते, "अक्कांना ब्लॉक आहे. तो उतरायच्या आत गोळी गेलीच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी फार त्रास होईल."

ब्लॉक म्हणजे हृदयाचा, हे मला कोणी शिकवायला नको. माझ्या थोरल्या दिरांना निघाला होता, तेव्हापासून ते जिना चढत नाहीत आणि कांदाही चिरत नाहीत.

आत बघते तर अक्का मजेत. पट्टीतून डोकावणाऱ्या बोटांना चिमटे काढून समोरच्या खाटेवरच्या, सकाळीच हाताचं ऑपरेशन झालेल्या बाईला दाखवत होत्या. "दख, काहीच नही. हाऊ हात मना नहीच."

सिस्टरनी गोळी पुढे केली, तशी अक्कांनी तोंड मिटलं.

"दुखत नही, मंग गोळी कसाले खाऊ?"

सिस्टर समजावून थकल्या. मी समजावून थकले. (मी बोलून थकले, म्हणजे बघा.)

शेवटी बाहेर जाऊन भडगावला त्यांच्या लेकीला फोन लावला. "दिपमाला, घाबरू नको. अक्कांना ब्लॉक आहे आणि त्या गोळी घेत नाहीत."

घाबरू नको असं स्पष्ट सांगूनही दिपमाला जीप भरून आली. सासू, नणंदा, दीर, शिवाय वाटेत हात दाखवलेला एक ओळखीचा. वॉर्डात उभं राहायला जागा उरली नाही. दिपमालाने आईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"माय, तुना काळीजमा ब्लॉक शे, अनी तू गोळी नही खात?"

अक्कांचा चिमटा अर्ध्यावरच थांबला.

"मंदे, खरं शे?" त्यांनी मला विचारलं.

मी डोळ्यांना पदर लावला.

"पानी आन," अक्का म्हणाल्या, आणि गोळी गेली.

संध्याकाळी डॉक्टर आले, तेव्हा अक्कांच्या हाताला मुंग्या येऊन थोडं ठणकायला लागलं होतं, तेवढंच. समोरच्या बाईंनी मात्र दुखत नाही म्हणून आपली गोळी उशीखाली सारली होती. त्यांचं कण्हणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

"डॉक्टर, मायच्या काळजातला ब्लॉक उतरला का?" दिपमालाने विचारलं.

"काळजातला? अहो, ब्लॉक म्हणजे हात बधिर करायचं इंजेक्शन. खांद्यापाशी दिलं होतं. हृदय ठणठणीत आहे." डॉक्टर अक्कांकडे वळले. "पण दुखण्याची गोळी वेळेवर घेतलीत, म्हणून निभावलं. कोणी घ्यायला लावली?"

"मी," म्हटलं. जीपभर माणसं माझ्याकडे बघत होती. सिस्टरनीही मान हलवली. आयुष्यात एवढा मान मला माहेरीसुद्धा मिळाला नव्हता.

"छान. मग ते हृदयाचं कोणी सांगितलं?"

मी डब्याचं झाकण घट्ट बसलंय का ते तपासू लागले.

"बरं, जाऊ द्या. अक्का, बोट हलतंय का बघू."

पट्टीतून अक्कांचं बोट हळूहळू वर आलं, थरथरलं आणि नेमकं माझ्यावर येऊन थांबलं.

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "अगदी सरळ येतंय."