ज्याचं त्यानं टाकायचं नाही

"बाबा, स्वतःची वस्तू कुणालाच टाकवत नाही. तुम्ही आईचं सामान काढा, आई तुमचं काढेल," लेकीने फोनवर निकाल देऊन टाकला. "आणि माझी ती छोटी सायकल आधी फेका. रविवारी माझी नवी गाडी गॅरेजमध्ये लागली पाहिजे."

तीस वर्षं लोकांना ड्रायव्हिंग शिकवलेल्या मास्तरांच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं होतं. पण त्यांचा जीव एकाच वस्तूत अडकला होता. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. गाडी भंगारात गेली तेव्हा त्याचं पायडल त्यांनी काढून घेतलं आणि निळ्या डब्यात ठेवलं. आता तो डबा मास्तरीणबाईंच्या तावडीत सापडला होता.

"तो निळा डबा जरा उघडून बघ हं," मास्तर सहज म्हटल्यासारखं म्हणाले.

"मध्ये बोलायचं नाही. ठरलंय ना? तुम्ही माझं शिलाई मशीन उचला."

मास्तरांनी मशीन फाटकापर्यंत नेलं आणि तिथेच त्यांचा धीर सुटला. लेकीचे सगळे फ्रॉक त्यावर शिवले होते. त्यांचा स्वतःचा एक शर्टही, ज्याची एक बाही आखूड होती आणि जो त्यांनी दहा वर्षं कौतुकाने घातला. त्यांनी मशीन तसंच पलीकडे दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर एकटे आणि भारी भिडस्त. जन्मभर लोकांचे दात काढले, पण स्वतःच्या तोंडातून 'नाही' कधी निघालं नाही.

"दोनच दिवस तुमच्या गॅरेजमध्ये ठेवा. हिला मात्र कळू देऊ नका."

"बरं," डॉक्टर म्हणाले.

मग बाईंची ट्रंक गेली, कापडाचे गठ्ठे गेले, बटणांची बरणी गेली. दुसऱ्या खेपेपासून डॉक्टर मास्तरांना आत घेईनात, सगळं फाटकातच उतरवून घेऊ लागले. शनिवारी त्यांची स्वतःची गाडी रस्त्यावर उभी दिसली. मास्तरांना फार ओशाळल्यासारखं झालं.

घरी निळा डबा जागेवर नव्हता.

"टाकलास?"

"हो. माझं मशीन?"

"गेलं."

दोघंही खाली मान घालून जेवली. आपण हिचं सगळं जपलं आणि हिने आपला ब्रेक खुशाल टाकून दिला, या विचाराने मास्तरांनी दुसरी पोळी नको म्हटलं. पण शब्द तर त्यांनीही दिला होता.

रविवारी लेक आली. लख्ख झाडलेलं गॅरेज बघून ती खूश झाली आणि आपली गाडी आत घेणार, तेवढ्यात डॉक्टर फाटकाशी येऊन उभे राहिले.

"एक विचारू का? तुमचं गॅरेज रिकामं झालंय, तर माझी गाडी तिथे... दोन दिवस उन्हात आहे हो."

"पण तुमच्या गॅरेजला काय झालं, काका?"

डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. शपथा दोन होत्या आणि माणूस एकच. शेवटी त्यांनी आपल्या गॅरेजचं दार उघडलं.

आत छतापर्यंत सामान रचलेलं होतं. पुढेच शिलाई मशीन होतं आणि मशीनवर निळा डबा.

"तू टाकला नाहीस?" मास्तरांनी डबा उचलला.

"तुमच्याकडे गाडी शिकायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी ती खांबावर घालत होते. तुम्ही तो ब्रेक दाबलात म्हणून आज इथे उभी आहे. तो टाकीन होय मी?" बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "आणि तुम्ही माझं मशीन?"

"त्या शर्टाची आखूड बाही लांब करायची राहिलीये अजून," मास्तर म्हणाले.

"कमाल आहे तुमची! साधा एक नियम पाळता येत नाही?" लेक कडाडली आणि बोलता बोलता थांबली. कोपऱ्यात तिची छोटी सायकल होती.

"ही मात्र आम्ही खरंच फाटकाबाहेर ठेवली होती गं," बाई घाईघाईने म्हणाल्या. "तूच सांगितलंस म्हणून."

"मी उचलून आणली," डॉक्टर अपराधी चेहऱ्याने पुटपुटले. "हिच्या चाकात हवा मीच भरायचो ना."

लेकीने सायकलची घंटी वाजवून बघितली. अजून वाजत होती.

"काका, तुमची गाडी आमच्याकडे आत घ्या," ती म्हणाली.

"आणि तुझी?"

"राहू दे बाहेर. नवीन तर आहे."